खाणीतले यंत्रचालक

चंद्रपूरच्या दुर्गापूर, सास्ती, घुग्घुस भागांतील वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड) खुल्या खाणींत कोळशाआधी निघते ती माती-दगडांची ‘ओबी’. शॉवेल ती उपसते, डंपर वाहतो, डोझर ढिगारा सपाट करतो. गडचिरोलीत सुरजागडला अशीच यंत्रे लोहखनिज काढतात. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथे साठहून अधिक वाहने जाळली होती. चालकाला रोज पोखरतात ते मात्र धूळ आणि कंबर मोडणारे हादरे, आणि त्यांची बातमी होत नाही.

स्त्रियांपुढे आणखी एक अडसर होता: १९५२ च्या खाण कायद्याने त्यांना रात्रपाळी बंद होती. २०१९ पासून खुल्या खाणीत लेखी संमतीने, पाळीत किमान तिघी असल्यास ती खुली झाली. हे फार आधी व्हायला हवे होते.

या कामाकडे वळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे: नुसता वाहन परवाना पुरत नाही, खाण व्यवस्थापकाचे लेखी अधिकारपत्रही लागते.