जुनी गाडी : जपानी, जर्मन की देशी?

खराडीत ईऑन आयटी पार्कच्या परिसरात नोकरीला आलेली कितीतरी कुटुंबं पहिली गाडी जुनीच घेतात. पैसे कष्टाचे असतात आणि सल्ले सगळीकडून येतात : जपानी घ्या, जर्मनच्या नादी लागू नका, देशीचा भरवसा नाही. या सल्ल्यांत तथ्य किती, ते एकेक करून पाहू.

गैरसमज : कंपनीचा देश कळला की गाडी कळली.

वस्तुस्थिती : फोक्सवॅगनची पोलो 2009 च्या अखेरीपासून चाकणला तयार होत होती. खराडीतून नगर रस्त्याने सरळ पुढे गेलं की रांजणगाव लागतं. तिथल्या एकाच कारखान्यातून फियाटची पुंटो, जीपची कंपास आणि टाटांची नेक्सॉन बाहेर पडल्या. टोयोटाची ग्लान्झा मुळात मारुती सुझुकीची बलेनो आहे. फियाटचं 1.3 लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन तर मारुती स्विफ्टमध्ये, टाटा इंडिका व्हिस्टात आणि फियाट लिनियातही होतं. म्हणजे ‘जपानी’ समजून जुनी डिझेल स्विफ्ट घेणाऱ्याच्या बोनेटखाली इटालियन रचनेचं इंजिन असतं. तरीही स्विफ्ट चटकन विकली जाते आणि लिनियाला गिऱ्हाईक शोधावं लागतं, कारण मारुतीची सर्व्हिस गावोगावी आहे. बाजारभावात इंजिनाच्या दर्जाइतकाच सर्व्हिसच्या जाळ्याचाही वाटा असतो.

गैरसमज : जर्मन गाडी मजबूत, म्हणून सुरक्षित.

वस्तुस्थिती : ग्लोबल एनकॅपच्या 2014 च्या क्रॅश चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले, दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार. गाडी तीच, कंपनी तीच, फरक पडला तो व्हेरियंटमुळे. पुढे डिसेंबर 2018 मध्ये याच चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली ती टाटांची नेक्सॉन. म्हणून जुनी गाडी पाहताना नेमकं मॉडेल, व्हेरियंट आणि उत्पादनाचा महिना विचारा. नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून एबीएस आणि 1 जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त व्हेरियंटमध्ये दोन्ही नसण्याची शक्यता असते. घरच्यांना बसवायची गाडी आहे. इथे तडजोड करू नका.

गैरसमज : कंपनी भारतातून गेली की गाडी भंगार.

वस्तुस्थिती : शेवरोलेची विक्री 2017 च्या अखेरीस थांबली, फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. अशा गाड्या बऱ्याच स्वस्त मिळतात. फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट यांसारखा नेहमीचा माल सुटे भाग बनवणाऱ्या इतर कंपन्यांकडूनही येतो. अडचण होते ती हेडलाइट, बंपर, दरवाजे आणि इलेक्ट्रॉनिक भागांची. सौदा करण्याआधी त्या मॉडेलच्या हेडलाइटची किंमत आणि तो मिळायला लागणारा वेळ आपल्या गॅरेजवाल्याला विचारा. उत्तर समाधानकारक नसेल, तर स्वस्ताई पहिल्याच ठोकरीत संपेल.

गैरसमज : कमी किलोमीटर चाललेली गाडी चांगलीच असणार.

वस्तुस्थिती : मीटर मागे फिरवता येतो, म्हणून आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहा. आकडा खरा असला तरी किलोमीटर कुठे झाले ते महत्त्वाचं. वाघोली ते खराडी रोज कोंडीत रांगणाऱ्या गाडीचा क्लच हायवेवर दुप्पट धावलेल्या गाडीआधी झिजू शकतो. डिझेल गाडीत आणखी एक पेच आहे. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, असते. साचलेली काजळी जळायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. नुसत्या छोट्या फेऱ्यांत ती तुंबते. रोजची धाव पाच-सात किलोमीटरची असेल तर पेट्रोल किंवा सीएनजी बरी.

गैरसमज : पैसे दिले, किल्ली मिळाली, गाडी आपली.

वस्तुस्थिती : कायद्याच्या नजरेत मालक तो, ज्याचं नाव आरटीओच्या नोंदीत आहे. विकलेल्या गाडीचा अपघात झाला तरी नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं. खरेदीदारालाही धोका असतोच : विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज केला नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडू शकतो. फॉर्म 29 आणि 30 वर लागणाऱ्या सह्या घ्या. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 मागा. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला कर आणि नवी नोंदणी धरल्याशिवाय तिची खरी किंमत कळत नाही.

तेव्हा टोकन देण्याआधी चार गोष्टी करा. सकाळी इंजिन थंड असताना गाडी स्वतः सुरू करून बघा. विश्वासातल्या फिटरकडून ती लिफ्टवर चढवून खालून तपासून घ्या. परिवहनच्या ॲपवर आरसी, बोजा आणि थकीत चलनं पाहा. सर्व्हिसच्या नोंदी मागा. विक्रेता यांतल्या एखाद्या गोष्टीला नकार देत असेल तर कितीही नावाजलेल्या देशाची गाडी असो, ती सोडून द्या.