हाताला बसणारे हत्यार

मिरजेचा तंबोरा देशभर नावाजला आहे. तो साध्या हातहत्यारांनी घडतो. पण हत्यार हाताला बसले पाहिजे.

आम्ही सांगतो, पटाशीचे नुसते पाते विकत घ्यावे. मूठ बांधावरच्या बाभळीची करावी. लाकूड आधी सावलीत वाळवावे. ओले लाकूड मागून आकसते, मग मूठ ढिली होते. मुठीच्या तोंडाला लोखंडी कडे बसवावे, म्हणजे ती चिरत नाही.

चरकावर, म्हणजे लेथवर, लाटणे कातायचे तर मूठ हातभर लांब हवी. मग हिसका पेलता येतो.

मात्र जुन्या कानशीची पटाशी करून चरकावर धरू नका. कानशीला कडक पाणी दिलेले असते, म्हणून ती ठिसूळ असते. फिरत्या लाकडाचा हिसका बसला, की काडकन मोडते. चार पैसे वाचतील, पण डोळा जाईल!