उन्हाळ्यात इलेक्ट्रिक कारची बॅटरी कशी जपायची?

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. अशा उन्हात इलेक्ट्रिक कारचा सर्वांत महागडा भाग, म्हणजे बॅटरी, कशी सांभाळायची?

आधी क्षमता समजून घेऊ. ती किलोवॅट-तासात मोजतात. 1 किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं 1 युनिट. 2020 मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 युनिटची आणि चाचणीतली रेंज 312 किमी होती. म्हणजे युनिटला साधारण 10 किमी. रस्त्यावर एसी आणि वेगामुळे युनिटला 7 किमीच मिळाले, तर रेंज 210 किमीवर येते. प्रवासाचा हिशेब चाचणीच्या नव्हे, या आकड्यावर करा.

वापरासोबत क्षमता थोडी घटतेच. पण बॅटरी फुल चार्ज असताना गाडी तासन् तास उन्हात उभी राहिली, तर ती लवकर घटते. म्हणून:

• गाडी सावलीत लावा.
• उन्हातून आल्याआल्या चार्जिंग लावू नका. रात्री घरच्या स्लो चार्जरवर लावा.
• रोजच्या फेऱ्यांना 80 टक्के पुरे. लांब जायचं असेल, तर निघण्याआधी 100 टक्के करा.
• बॅटरी एलएफपी प्रकारची असेल, तर कंपनीच्या सूचनेप्रमाणे अधूनमधून फुल चार्ज करा. नाहीतर स्क्रीनवरची टक्केवारी चुकू शकते.