फुगा फुटल्यानंतरचे दिवस

मेंदूतल्या रक्तवाहिनीवरचा फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, फुटला की आयुष्यात कधी झाली नव्हती एवढी डोकेदुखी अचानक सुरू होते. ऑपरेशन करून क्लिप किंवा कॉइल बसली की घरच्यांना वाटते, संकट टळले. आम्ही परिचारिका मात्र त्यानंतर जास्त सावध असतो. साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसांत नीट बोलणारा रुग्ण एकाएकी गोंधळतो, एखादा हात उचलेनासा होतो. मेंदूभोवती सांडलेल्या रक्तामुळे रक्तवाहिन्या आवळतात आणि मेंदूच्या काही भागाला रक्त पुरत नाही.

हे टाळायला निमोडिपिन देतात. ब्रिटनमध्ये ५५४ रुग्णांवर त्याची चाचणी झाली, निकाल १९८९ मध्ये छापून आला. काहींना दर चार तासांनी ६० मिलिग्रॅम औषध, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, असे २१ दिवस. कोणाला काय मिळते, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही. मृत्यू किंवा गंभीर अपंगत्वाचे प्रमाण गोळी खोटी होती तिथे ३३ टक्के, खरी होती तिथे २० टक्के.

गंमत अशी, की निमोडिपिनने आवळलेल्या रक्तवाहिन्या फोटोत फारशा मोकळ्या दिसत नाहीत. उलट क्लाझोसेंटानने त्या चांगल्याच मोकळ्या दिसल्या. सगळ्यांना मोठी आशा वाटली. पण २०११ मध्ये हजाराहून जास्त रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला, तेव्हा रुग्णांच्या पुढच्या जगण्यात ठळक फरक नव्हता. फुप्फुसाचे त्रास आणि रक्तदाब उतरणे मात्र वाढले होते. जपानने ते २०२२ मध्ये मंजूर केले, हेही खरे. आमचे मत सरळ आहे: फोटो सुधारला यापेक्षा माणूस स्वतःच्या हाताने जेवतो का, हे आधी विचारावे.

मॅग्नेशियम आणि सिम्व्हास्टॅटिन ही स्वस्त औषधेही मोठ्या चाचण्यांत उपयोगी ठरली नाहीत. बरेच झाले कळले. नाहीतर बिलात ती चढतच राहिली असती.

रुग्ण बेशुद्ध असेल तर चाचणीसाठी सही नातेवाईकांकडे मागतात. घाईत अंगठा देऊ नका. माहितीपत्रक मराठीत मागा, संमतीपत्राची प्रत घ्या. नकार दिला तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार हा हक्क आहे.

आणि निमोडिपिन चालू असताना सिस्टर रात्री दोनला उठवतात म्हणून रागावू नका. त्या आधी रक्तदाब पाहतात, कारण या गोळीने तो उतरतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो डोस चुकवायचा नसतो.