पुडीतला सोडा, पोटातला सोडा

दिवाळीनंतर गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर झाडीपट्टीचं नाटक रंगतं. पडदा उघडण्याआधी दोन आलुबोंडे तर्रीत बुडवून झालेले, पहाटे तीनपर्यंत चार कप चहा. मग ऐन रडक्या प्रवेशात करपट ढेकर येतो आणि छातीच्या हाडामागे जळजळ सुरू होते. शेजारचे काका खिशातून इनोची पुडी काढतात. "घ्या जी."

स्टीलच्या ग्लासात पुडी पडते न पडते तोच पाणी उसळतं. खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल कोरडे असतात तोवर गुण्यागोविंदानं नांदतात. पाणी लागलं की जुंपते. फेस म्हणजे त्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड. पण ही नुसती नांदी. खरं काम उरलेला सोडा आणि नवं बनलेलं सोडियम सायट्रेट पोटात जाऊन करतात.

तिथे गाठ हायड्रोक्लोरिक आम्लाशी! जठरात हेच आम्ल असतं, हे विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरनं १८२४ साली मांडलं. रक्ताच्या तुलनेत दहा लाख पटींहून तीव्र असं हे आम्ल आपल्याच पेशी बनवतात. दिवसाला दीड-दोन लिटर जठररस पाझरतो, तरी जठर स्वतःला पचवत नाही. कारण आतल्या चिकट लेपात शरीरानं आधीच बायकार्बोनेट, म्हणजे पुडीतल्या सोड्याचाच ऐवज, पेरून ठेवलेला असतो. अन्ननलिकेला असा जाड लेप नाही. आम्ल वर चढलं की जळते ती तीच.

सोडा आम्लाला भिडला की उरतं मीठ, पाणी आणि ढेकर. पीएच १ वरून ३ वर आला तरी ९९ टक्के आम्ल संपलेलं असतं.

बाटलीतल्या घट्ट गुलाबी औषधाची तऱ्हा वेगळी. त्यातलं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पोट सैल करतं, ॲल्युमिनियमचं बद्धकोष्ठ आणतं, म्हणून दोघांना एकत्र नांदवलंय. असा जोडा लग्नातही क्वचित जमतो.

रिकाम्या पोटी हा आराम जेमतेम अर्धा-पाऊण तास टिकतो, जेवणानंतर दोन-तीन तास. पेशी नवं आम्ल पाझरतच राहतात.

काका मात्र पुडी देऊन झाल्यावर पन्नीतला खर्रा घोटायला लागले. त्यातलं निकोटिन अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल करतं.