सोमवारची गोळी आणि हलणारी दाढ

बुकित तिमाहच्या टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आमच्या परिचयाच्या एक आजी सहा वर्षे दर सोमवारी सकाळी जणू एक व्रतच पाळीत असत. उठल्याबरोबर पेलाभर साध्या पाण्याबरोबर एक गोळी घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवे व्हायचे नाही. तोवर चहा नाही, दूध नाही, बिस्किटसुद्धा नाही. घरात तिचे नावच 'सोमवारची गोळी' पडले होते. कशाची म्हणून विचारले तर आजी सांगत, "कॅल्शियमची."

ती कॅल्शियमची नव्हती. ती ॲलेन्ड्रोनेटची होती. फोसामॅक्स या नावाने ती पुष्कळांना ठाऊक असेल. ठिसूळ झालेली हाडे मोडू नयेत म्हणून देतात ती ही गोळी.

गेल्या वर्षी आजींची खालची दाढ हलू लागली. दाताच्या दवाखान्यात 'चालू औषधे' या रकान्यात त्यांनी रक्तदाबाचे आणि साखरेचे औषध लिहिले. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहिण्याजोगी त्यांना वाटलीच नाही. शेजारी बसलेल्या सूनबाईंनी विचारले, "आई, तुमची सोमवारची गोळी सांगितलीत का?" तेव्हा कुठे डॉक्टरांना कळले आणि दाढ काढणे त्या दिवशी थांबले. घरी परतल्यावर कोणीतरी हितचिंतकाने सांगितले की या गोळीने जबडा सडतो. आजींनी उरलेल्या गोळ्या सरळ केराच्या टोपलीत टाकल्या.

आठ दिवसांत एकाच घरी दोन चुका झाल्या. पहिली न सांगण्याची आणि दुसरी घाबरून टाकून देण्याची. आमच्या मते दुसरी अधिक महाग पडणारी आहे, पण आधी जबड्याचे काय ते पाहू.

आपले हाड म्हणजे एकदा बांधून ठेवलेली भिंत नव्हे. त्यात रोज जुने पाडण्याचे आणि नवे रचण्याचे काम चालू असते. पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, रचणाऱ्या वेगळ्या. पाळी गेल्यानंतर बायकांत पाडकाम वाढते, रचणारे मागे पडतात आणि हाड आतून पोकळ होत जाते. ॲलेन्ड्रोनेट आणि त्याच्या जातीची औषधे, ज्यांना बिस्फॉस्फोनेट म्हणतात, हाडाला चिकटून बसतात आणि पाडणाऱ्या पेशींना थोपवतात. वर्षानुवर्षे ती हाडात राहतात. गोळी बंद केली म्हणून महिनाभरात निघून जात नाहीत.

जबड्याचे हाड मात्र इतरांसारखे नाही. चावण्याच्या ताणामुळे तेथे पाडणे-रचणे अधिक जोरात चालते. शिवाय त्यावरची कातडी पातळ, आणि दाताच्या मुळाशी जंतूंना यायला वाट मोकळी. दात उपटला की तेथे खड्डा पडतो, तो भरायला हाडाने हालचाल करावी लागते. ती हालचालच औषधाने मंदावली असेल आणि वर जंतूंचा शिरकाव झाला, तर एखाद्याच्या बाबतीत हिरडी बुजत नाही, हाड उघडे पडते आणि त्याचा तेवढा भाग मरतो. असे उघडे हाड आठ आठवडे टिकले आणि त्या जागी पूर्वी किरणोपचार झालेले नसतील, तर डॉक्टर त्याला औषधामुळे झालेला जबड्याचा अस्थिमृत्यू म्हणतात.

हे जगाला कळले ते २००३ साली. मायामीच्या डॉ. मार्क्स यांनी असे ३६ रोगी नोंदवले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्ककडील डॉ. रुजिएरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६३ नोंदवले. त्या ६३ पैकी ५६ जण कर्करोगाचे होते आणि त्यांना शिरेतून मोठ्या मात्रेची इंजेक्शने मिळत होती. हाडांच्या ठिसूळपणासाठी नुसत्या गोळ्या घेणारे होते अवघे सात. हितचिंतकांच्या सांगण्यात नेमका हाच फरक गळून जातो.

(जबड्याचे असे दुखणे जगाला अगदी नवे नव्हते. एकोणिसाव्या शतकात काडेपेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेत काम करणाऱ्या बायकापोरांचे जबडे असेच कुजत. १८८८ च्या लंडनमधील काडेपेटी कामगार मुलींच्या संपाच्या वेळी त्याची पुष्कळ चर्चा झाली, आणि हिंदुस्थानात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर १९१३ साली कायद्याने बंदी आली. दोन्ही आजारांतले साम्य तज्ज्ञांच्याही नजरेत आले आहे.)

आता आकडे. गोळ्या घेणाऱ्या दहा हजारांत साधारण दोन ते पाच जणांना जबड्याचा हा त्रास होतो. कर्करोगासाठी मोठी मात्रा घेणाऱ्यांत तो शंभरात पाचांपेक्षा कमी, म्हणजे कितीतरी पटीने अधिक. याउलट खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी, ठिकठिकाणच्या अनुभवानुसार, पाचांत एक वर्षभरात दगावतो. जे उरतात त्यांतील पुष्कळांना पुन्हा पूर्वीसारखे चालता येत नाही. गोळ्या टोपलीत टाकणे महाग पडते ते यामुळे.

आपल्याला धोका किती हे ताडण्याची एक सोपी रीत आशियाई बायकांसाठीच तयार झाली आहे. सिंगापूरसह आठ आशियाई देशांतल्या बायकांच्या तपासणीतून ती निघाली आणि २००१ साली प्रसिद्ध झाली. पाळी गेलेल्या बाईच्या वयातून किलोतले वजन वजा करायचे. उत्तर वीसच्या वर आले तर धोका मोठा. सत्तरीच्या आणि अठ्ठेचाळीस किलोच्या आजींचे उत्तर बावीस येते. असे असेल तर हाडांची घनता मोजून घ्यावी. 'मी बारीक आहे, म्हणून निरोगी आहे' असे आपल्या घरांतून फार ऐकू येते. हाडांच्या बाबतीत ते उलटे पडते.

दातांचे म्हणाल तर ही औषधे सुरू करण्यापूर्वीच दाखवून घ्यावेत. काढायचा तो दात आधी काढावा, किडलेला भरून घ्यावा, कवळी रुतत असेल तर नीट करून घ्यावी. औषध चालू असताना दुखणे आलेच तर शक्य तेथे मुळावर उपचार करून दात वाचवतात. काढणे भाग असेल तर तेही करतात. दात काढायला बंदी नाही. नंतर जखम भरत नसेल, जिभेला खरखरीत हाड लागत असेल, पू येत असेल किंवा खालचा ओठ बधिर वाटत असेल, तर वाट पाहू नये.

सहा महिन्यांनी घ्यायच्या डेनोसुमॅब या इंजेक्शनाबद्दल मात्र वेगळे सांगायला हवे. प्रोलिया नावाने ते मिळते. जबड्याचा धोका त्यातही आहे, पण ते बिस्फॉस्फोनेटसारखे हाडात साठून राहत नाही. तारीख टळली की दडपलेले पाडकाम एकदम उसळते आणि मणके दबू शकतात. आमच्या माहितीतल्या एक मावशी भाचीच्या लग्नाला पुण्याला गेल्या आणि तेथेच चार महिने रमल्या. इंजेक्शन राहून गेले. परतल्या त्या पाठीत कळ घेऊन, आणि फोटोत दोन मणके चेपलेले दिसले. देशी लांब मुक्कामाला जाणाऱ्यांनी तिकिटाआधी इंजेक्शनची तारीख पाहावी. ते थांबवायचे असेल तर त्याच्या जागी दुसरे औषध डॉक्टरच ठरवतात.

फार वर्षे गोळी घेण्याचा आणखी एक परिणाम आपल्याच बेटावर लवकर ध्यानात आला. मांडीच्या हाडाचा वरचा भाग साध्याशा धक्क्याने मोडलेल्या १३ बायका सिंगापूर जनरल हॉस्पिटलच्या अस्थितज्ज्ञांनी तपासल्या आणि त्यांतल्या नऊ जणी ॲलेन्ड्रोनेट घेत असल्याचे २००७ साली प्रसिद्ध केले. काहींची मांडी मोडण्यापूर्वीपासूनच दुखत होती. हेही क्वचितच घडते, पण गोळी चालू असताना मांडीत किंवा जांघेत दुखू लागले तर 'वात असेल' म्हणून तेल चोळीत बसू नये.

या साऱ्यामुळे आता पाच वर्षे गोळ्या झाल्या, किंवा वर्षातून एकदाचे शिरेतले इंजेक्शन तीन वेळा झाले, की पुन्हा तपासणी करून औषध चालू ठेवायचे की काही काळ विश्रांती द्यायची ते डॉक्टर ठरवतात. ज्याचे हाड आधी मोडले आहे त्याला बहुधा विश्रांती मिळत नाही.

आजींचे पुढे काय झाले? सूनबाईंनी दोन्ही डॉक्टरांची गाठ घालून दिली. दाढ निघाली, टाके पडले, जंतुनाशक गुळण्या झाल्या आणि दीड महिन्यात हिरडी बुजली. हाडांची घनता पुन्हा मोजली, ती बरी निघाली. पूर्वी कधी काही मोडलेले नव्हते. म्हणून डॉक्टरांनीच गोळीला दोन वर्षांची विश्रांती दिली. आजी संध्याकाळी जुन्या रेल्वेच्या वाटेवर चालायला जातात. २०११ साली गाड्या बंद झाल्यापासून ती सपाट वाट म्हाताऱ्या माणसांना फार सोयीची झाली आहे. जेवणात इकान बिलिस काट्यासकट असतात आणि नाचणीची भाकरी असते. पर्समध्ये औषधांची नावे लिहिलेला एक कागद असतो. विश्रांतीवर असली तरी सोमवारची गोळी त्यात सर्वांत वर आहे, कधी सुरू झाली आणि कधी थांबली त्या तारखांसकट.