रग्बीतली चाल : पाठ करायची की समजून घ्यायची?



मागच्या वर्षी आमच्या सहावी-सातवीच्या मुलींचा संघ रग्बीचे तीन सामने खेळला आणि तिन्ही हरला. हरण्याचं मला फार वाईट वाटलं नाही, पण एक गोष्ट मनाला लागली. आमच्या शाळेत सगळ्यांत वेगाने पळणारी मुलगी विंगवर, म्हणजे मैदानाच्या अगदी कडेला होती. तीन सामन्यांत तिच्या हाताला चेंडू दोनदा लागला, तोही रेषेबाहेर गेलेला उचलून आणताना. तिचे वडील मजुरी बुडवून सामना बघायला आले होते. परतताना ती म्हणाली, "सर, मला चेंडू कधी येणार होता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री वहीत सामने लिहून काढले तेव्हा चूक माझीच असल्याचं कळलं. मी मुलींना पाच चाली फळ्यावर काढून शिकवल्या होत्या आणि त्यांनी त्या पाढ्यांसारख्या पाठ केल्या होत्या. समोरची रक्षक काय करते आहे हे न बघता त्या पाठ केलेलं म्हणून दाखवत होत्या. त्यानंतर मी जे बदललं ते इथे मांडतो.

आधी खेळ थोडा समजून घेऊ

शाळेच्या पातळीवर आपण बहुधा सात जणांचा रग्बी खेळतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्येही हाच प्रकार आहे. सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, पास बाजूला किंवा मागेच द्यायचा. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय' होतो, त्याचे ५ गुण.

सातांपैकी तिघी फॉरवर्ड्स आणि चौघी बॅक्स. चेंडू चुकून पुढे सांडला तर स्क्रम होतो. दोन्ही बाजूंच्या तिघी-तिघी एकमेकींना धरून वाकतात, मधे चेंडू टाकला जातो. चेंडू कडेच्या रेषेबाहेर गेला तर लाइनआउट होतो, म्हणजे दोन रांगांच्या मधे चेंडू वर फेकतात.

बॅक्ससाठी हे दोन क्षण फार मोलाचे आहेत. एरवी मैदानात सगळी पळापळ असते. स्क्रमच्या वेळी मात्र सहा जणी एकाच जागी अडकलेल्या असतात. बाकीच्या बॅक्सना आपल्या स्क्रममधल्या शेवटच्या पायापासून ५ मीटर मागे थांबावं लागतं. लाइनआउटला तर दोन्हीकडे १०-१० मीटर, म्हणजे मधे २० मीटर मोकळी जागा. मैदान साधारण ७० मीटर रुंद आणि ते अडवायला समोर मोजक्या जणी. कोण कुठे उभी आहे हे आधीच दिसतं. म्हणून ठरवून चाल करायची ती इथेच.

हूल कोणाला द्यायची?

आपल्या मुलांना हूल शिकवावी लागत नाही. खो-खोत धावणारा खांद्याने एकीकडे दाखवतो आणि दुसरीकडे निसटतो. कबड्डीत चढाई करणारा मधल्याकडे बघतो आणि पाय कोपऱ्याकडे टाकतो. रग्बीची चाल म्हणजे हीच हूल, फक्त ती दोघी-तिघींनी मिळून द्यायची.

पण हूल हवेत देता येत नाही, ती एका ठरावीक माणसाला द्यावी लागते. मी हेच सांगायचं विसरलो होतो. माझ्या मुलींना कोणी कुठे पळायचं ते माहीत होतं, पण ते *कोणासाठी* पळायचं ते माहीत नव्हतं. आता मी असं सांगतो : चाल म्हणजे समोरच्या रक्षकाला विचारलेला प्रश्न. तिचं उत्तर बघायचं आणि मगच पास द्यायचा.

एक चाल, तीन शेवट

पाच चाली सोडून आम्ही एकच धरली : कात्री. स्क्रम मैदानाच्या डाव्या बाजूला आहे असं समजा. मोकळी जागा उजवीकडे. स्क्रम-हाफ चेंडू बाहेर काढून देते. तिच्याकडून चेंडू घेणारी ती पहिली, तिच्या उजवीकडे थोडी मागे दुसरी आणि कडेला तिसरी, म्हणजे आमची विंग. समोर प्रत्येकीची एक रक्षक.

पहिली चेंडू घेऊन तिरकी उजवीकडे पळते. त्याच वेळी दुसरी तिच्या पाठीमागून उलट, डावीकडे घुसते. दोघींच्या वाटा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना छेदतात. आता रक्षकांनी उत्तर द्यायचं :

१. पहिलीची रक्षक चेंडूमागे उजवीकडे ओढली गेली, तर तिने सोडलेली जागा रिकामी. दुसरीला जवळून हलका पास द्यायचा.

२. ती रक्षक दुसरीला धरायला जागीच थांबली, तर पहिलीने पास नुसता दाखवायचा, चेंडू स्वतःकडे ठेवायचा आणि समोरच्या फटीतून निघायचं.

३. दुसरीची रक्षकही तिच्यामागे आत आली, तर बाहेरची बाजू उघडी. चेंडू लांब, थेट विंगला.

म्हणजे चाल एकच, पण शेवट तीन. कोणता शेवट करायचा हे मी ठरवत नाही, फळाही ठरवत नाही. ते रक्षकांच्या पायांवरून ठरतं. आमच्या मुली मागच्या वर्षी दर वेळी पहिलाच शेवट करत होत्या, कारण मी तेवढाच शिकवला होता. विंगला चेंडू येणार कुठून?

सराव कसा घ्यावा

*पहिली पायरी :* रक्षक नाही, चालत चालत. फक्त वाटा आणि हात. चेंडू येण्याआधी दोन्ही हात छातीसमोर तयार हवेत. चेंडू वयाप्रमाणे घ्या. १० ते १४ वर्षांच्या मुलांना ४ नंबरचा चेंडू पुरतो. मोठा चेंडू लहान हातातून निसटतो आणि आपण उगाच मुलांना ओरडतो.

*दुसरी पायरी :* वेळ साधणं. मुलं फार लवकर पळत सुटतात आणि चेंडूच्या पुढे जातात. आमचं वाक्य आहे, "उशिरा निघा, जोरात या." आधीच्या खेळाडूने चेंडू पकडला की मगच दुसरीने निघायचं. त्यासाठी सुरुवातीला चार-पाच पावलं जास्त मागे उभं राहायला सांगा.

*तिसरी पायरी, सगळ्यात महत्त्वाची :* आता दोन रक्षक समोर उभ्या करा. मी चाल करणाऱ्या मुलींच्या पाठीमागे उभा राहतो आणि फक्त रक्षकांना दिसेल अशी खूण करतो. एक बोट म्हणजे चेंडूमागे जा, दोन बोटं म्हणजे थांब, मूठ म्हणजे दोघी आत या. पुढच्या मुलींना काय होणार ते माहीत नसतं. त्यांना बघावंच लागतं. पहिल्या आठवड्यात दहातले सात-आठ प्रयत्न चुकले. चुकू द्या.

*चौथी पायरी :* खरा स्क्रम-सारखा आरंभ. फॉरवर्ड्स नुसत्या धरून उभ्या राहतील, ढकलाढकली नाही. ५ मीटरची रेषा चुन्याने आखा. कमरेला दोन्ही बाजूंनी कापडी पट्ट्या खोचा. पट्टी ओढली की पकड झाली. आपली मैदानं खडकाळ असतात. योग्य पकड शिकवल्याशिवाय आणि मऊ जमीन असल्याशिवाय मुलांना पाडापाडी करू देऊ नका.

सांभाळायच्या दोन गोष्टी

हूल देणारी मुलगी चेंडूच्या पुढे जाऊन रक्षकाच्या वाटेत आली, तर तो अडथळा ठरतो आणि पेनल्टी मिळते. वाट दाखवायची, वाट अडवायची नाही, हे मुलींना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

दुसरं म्हणजे चालीचं नाव. मैदानात "कात्री!" असं ओरडलं की समोरच्यांनाही मराठी कळतंच. आमच्या मुलींनी भाज्यांची नावं ठेवली आहेत. 'भेंडी' म्हणजे कात्री. 'वांगं' म्हणजे काहीच नाही, नुसतं समोरच्यांना कोड्यात टाकायला.

"का चुकलीस?" नको, "काय दिसलं?" विचारा

माझ्यात झालेला मोठा बदल हा आहे. आधी चाल फसली की मी म्हणायचो, "का चुकलीस?" मुलगी मान खाली घालायची, विषय संपायचा. आता विचारतो, "तुला काय दिसलं?" सुरुवातीला उत्तर येत नाही. मग यायला लागतं : "ती माझ्याकडे बघत होती." "तिचे पाय आत वळले होते." पास चुकीच्या जागी गेला तरी दिसलेलं बरोबर असेल, तर मी शाबासकी देतो. हात सरावाने सुधारतात. बघायची सवय मात्र विचारल्याशिवाय लागत नाही. गणितात आपण नुसतं उत्तर न बघता रीत बघतो, तसंच हे.

यंदा आम्ही दोन सामने खेळलो, एक हरलो, एक जिंकलो. विंगच्या मुलीला चेंडू पाच वेळा मिळाला. पहिला तिच्या हातून निसटला. चौथ्या वेळी ती कडेच्या रेषेलगत अशी पळाली की तिला कोणी शिवूही शकलं नाही. सगळ्या तिच्याकडे धावल्या. मी पास देणाऱ्या मुलीकडे गेलो आणि विचारलं, "काय दिसलं?"

धापा टाकत ती म्हणाली, "सर, दोघी आत आल्या ना. मग बाहेर ही एकटीच होती."